पहिला की दुसरा

"बाई, खरं सांगू का?" खुर्चीतले आजोबा म्हणाले. "मघापासून मला दोन्ही सारख्याच दिसतायत. पण तुम्ही इतक्या आशेनं विचारता, की तसं म्हणवत नाही. म्हणून एकदा पहिली म्हणतो, एकदा दुसरी."

तिचा हात आजोबांच्या नाकावरच्या जड फ्रेमपाशी तसाच राहिला. चिमटीत काच होती. समोरच्या भिंतीवर उजळलेली अक्षरं, वर ढोबळ, खाली मुंगीएवढी, आणि बाकी खोलीत अंधार. चष्म्याच्या दुकानामागच्या या खोलीत ती एकवीस वर्षं हा एकच प्रश्न विचारत आली होती. ही काच बरी की ही? पहिली की दुसरी? आता? आणि आता? दिवसाला वीस-पंचवीस माणसं. लोक खोटं बोलतात हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. डोळे तपासायला आलेला माणूस परीक्षेला बसल्यासारखा बसतो, चुकायला नको म्हणून धास्तावतो आणि काहीतरी ठोकून देतो. तिला त्याचं काही वाटत नसे. खरं तर दोन्ही काचा सारख्या दिसायला लागल्या की काम संपतं; तोच त्या डोळ्याचा नंबर. हे ती आधी कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं तर सगळे पहिल्याच काचेला 'सारखंच' म्हणून मोकळे होतील. "मग झालं की, आजोबा," ती म्हणाली. "सारखं दिसलं म्हणजे नंबर सापडला." आजोबा परीक्षा संपल्यासारखे हसले. तीही हसली. मग तिनं काच पेटीतल्या खाचेत ठेवली, ती भलत्याच खाचेत गेली, काढली, पुन्हा ठेवली. आजोबांचं बोलणं कानातून जाईना. आशेनं विचारता म्हणून. एकदा पहिली, एकदा दुसरी.

ती स्वतः घरी सत्तावीस वर्षं हेच करत आली होती.

तिचा नवरा जुने अँप्लिफायर दुरुस्त करायचा. गिटारवाल्यांचे, व्हॉल्व्हचे. आत बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह, चालू केल्यावर अर्ध्या मिनिटानं हळूहळू नारिंगी उजेड धरणारे. पन्नास-पन्नास, साठ-साठ वर्षांचे डबे. समोरचं कापड उसवलेलं, कोपरे झिजलेले, उघडले की तापलेल्या धुळीचा आणि जुन्या मेणाचा वास. माणसं ते डबे पोटाशी धरून जिना चढून येत आणि मागच्या खोलीत ठेवताना विचारत, "डॉक्टर, वाचेल ना?" सगळे त्याला डॉक्टर म्हणत. दुकानात येणारी माणसं तिलाही डॉक्टर म्हणत, ती डॉक्टर नसूनही. तो म्हणायचा, घरात दोन-दोन डॉक्टर, आणि ताप आला की तिसऱ्याकडे पळायचं. बंद पडलेला डबा चालू करणं त्याला डाव्या हातचा मळ होता. खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. डबा वाजतो, पण पूर्वीसारखा वाजतो का? एका वर्षी, एका कारखान्यात, एकाच माणसाच्या हातून जोडलेले दोन डबेही सारखे बोलत नाहीत, असं तो म्हणे. एकाचा आवाज नाकातून येतो, एकाचा छातीतून. हा करकरीत, इस्त्री केलेल्या कॉलरसारखा, तो दाणेदार, तो तिसरा ओला. याला हळू वाजवलं की मऊ, आणि जरा जोर केला की गुरगुरतो. त्याला कितीही मारा, तोंड उघडणार नाही. तो हे सांगत असताना तिला त्याचं बोलणं ऐकायला आवडायचं. डबे मात्र तिला सगळे सारखे ऐकू यायचे. गिटारसारखे.

पहिल्यांदा झालं ते लग्नाच्या वर्षी. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक डब्यांची. ती ओट्यापाशी कांदा चिरत होती. आतून त्यानं एक तुकडा वाजवला, थांबला, काहीतरी बदललं, तोच तुकडा पुन्हा वाजवला, मग पुन्हा, आणि मग त्याला स्वतःलाच राहवेना म्हणून आणखी लांबवत नेला. मग दारात येऊन उभा राहिला. "पहिला की दुसरा?" तिला तो काय विचारतोय हेच आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिनं त्याच्याकडे पाहिलं. कांद्यानं डोळे भरलेले, समोर तो, नवा नवा, हातात गिटार, चेहऱ्यावर असं वाट बघणं की नाही म्हणवेना. "दुसरा," ती म्हणाली. तो उडालाच. "तुला कान आहे!" म्हणाला. सुरीसकट तिला मिठी मारली. त्या दिवसापासून तिला कान होता. त्यानं ते सगळ्यांना सांगितलं. वादक स्वैपाकघरात डोकावून विचारायला लागले, "वहिनी, तुमचं काय मत?" आणि ती म्हणे, जरा ओला वाटतोय, किंवा, छातीतून नाही येत. शब्द त्याचेच, फक्त परत केलेले. चुकू नये म्हणून तिनं हळूहळू एक रीत बसवली होती, तीही ठरवून नव्हे. तो ज्या डब्यावर जास्त वेळ रेंगाळे तो ती सांगायची. आवडलेल्या आवाजापाशी त्याचा हात सुटत नसे. दोन सूर जास्त लागत, तुकडा संपल्यावरही एक तार उगाच छेडली जाई. ती आवाज ऐकतच नव्हती, ती त्याला ऐकत होती. आणि उत्तर दर वेळी बरोबर यायचं. सत्तावीस वर्षांत हे खोटं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. संसारात माणूस हजार गोष्टी अशाच करतो. आज आजोबांनी ते तिच्यासमोर, तिच्याच खुर्चीत बसून, हसत हसत सांगून टाकलं एवढंच.

पण गेले चौदा महिने ती रीतही चालत नव्हती. एका सकाळी तो उठला आणि म्हणाला, उजव्या कानात कुणीतरी कापूस कोंबलाय. कापूस निघाला नाही. कानाच्या डॉक्टरनं आलेख दाखवला. उजव्या कानाची रेघ खोल दरीत गेलेली, डाव्याची अर्ध्यावर लोंबणारी. "उजवा पूर्ण बधिर झालाय," तो म्हणाला. "डावा इतकी वर्षं मोठ्या आवाजात राहून थकलाय. यंत्र लावा. बोलणं कळेल." बोलणं कळलं, शांत खोलीत, समोर बसून, ओठ दिसले तर. गिटार मात्र त्या यंत्रातून पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी ऐकू येते असं त्यानं एकदाच सांगितलं, आणि पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. केस वाढवले, कान झाकले. उतारवयात डॉक्टर कलावंत झाले, अशी लोकांनी चेष्टा केली. डब्यांचं काम मीटरवर आणि डोळ्यांवर चालू ठेवलं, फोन तिच्याकडे दिला, आणि माणसं आली की इतकं बोलायला लागला की समोरच्याला बोलायला फट मिळू नये. बधिर हा शब्द मात्र तिच्याजवळ राहून गेला. दातवाला सुई देतो तेव्हाही तो तोच शब्द वापरतो: बधिर झालं का? ओठ आपलाच असतो, चावला तरी कळत नाही. त्या सकाळनंतर तिचं तसंच काहीसं झालं. ती रडली नाही. त्याच्यावर चिडली नाही. जेवणाची चव लागायची, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. बसच्या खिडकीतून रस्ता जायचा, दुकानं, सिग्नल, छत्र्या, आणि उतरायचं ठिकाण आलं की पाय उतरायचे. मैत्रीण म्हणाली, किती धीरानं घेतलंस गं. धीर कसला, तिनं काही घेतलंच नव्हतं.

आणि तो अजूनही विचारत होता. आता तर जास्तच. संध्याकाळी ती दुकानातून आली की मागच्या खोलीतून तो तुकडा ऐकू येई. चार वेळा इकडे, चार वेळा तिकडे, एकसारखे, पट्टीनं आखल्यासारखे. रेंगाळणं नाही, जास्तीची तार नाही. त्याला स्वतःलाच ऐकू येत नव्हतं, तर हात अडकणार कशात? मग तो दारात येई आणि तिच्या ओठांकडे बघत विचारी, "पहिला की दुसरा?" तिच्याजवळ वाचायला काही उरलं नव्हतं. ती म्हणे, दुसरा. पुढच्या वेळी पहिला. आळीपाळीनं. तो मान डोलावी, आत जाई, आणि ती सांगेल तसा डबा बंद करून स्क्रू आवळी. आणि ते डबे घराबाहेर जात होते.

आजोबांच्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा फोनवर निरोप येऊन पडला होता. स्टुडिओवाल्याचा. हा नवऱ्याचा जुना मित्र, स्वतः गिटार वाजवणारा, शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ. त्याच्याकडे एकाच वर्षी बनलेले दोन जुळे डबे होते, एक दोन महिन्यांपूर्वी इथूनच दुरुस्त होऊन गेलेला. 'वहिनी, डॉक्टरांना सांगा, रविवारी सकाळी दोन्ही डबे घेऊन येतो. त्यांनी केलेल्यात काहीतरी हरवलंय. काय ते मला सांगता येईना. शेजारी शेजारी ठेवून ऐकूया. तुम्हीही असा.' तिनं निरोप नवऱ्याला वाचायला दिला. त्यानं तो दोनदा वाचला. "काही हरवलेलं नाही," तो म्हणाला. "तू ऐकला होतास ना तो?"

"हो."

"मग? तू सांगितलंस तसाच ठेवलाय मी." आणि मग जरा थांबून, ज्या आवाजात तो हल्ली बोलायचा त्या थोड्या जास्त मोठ्या, कडा नसलेल्या आवाजात, "रविवारी तू माझ्या समोर बस. तो वाजवेल. तुला पहिला म्हणायचं असेल तर चष्मा पुसायचा, दुसरा म्हणायचं असेल तर पदर सारखा कर. ओढणी असेल तर ओढणी. बाकी मी बघतो."

ती बरं म्हणाली. दोन महिन्यांपूर्वीची ती संध्याकाळ तिला आठवत होती. दुकानात दिवसभर तोच प्रश्न विचारून घसा सुकला होता, गॅसवर दूध होतं. त्यानं दारातून विचारलं, आणि तिनं दुधावर नजर ठेवून सांगितलं, दुसरा. का दुसरा? आदल्या वेळी पहिला म्हटलं होतं म्हणून.

शुक्रवार आणि शनिवार तिनं दुकानात नेहमीसारखे काढले. फक्त 'पहिली की दुसरी' विचारताना ती माणसांच्या तोंडाकडे पाहायला लागली. उत्तराच्या आधी क्षणभर ती माणसं काचेकडे नव्हे, तिच्याकडे बघायची. अंधारातही बघायची. एका बाईला तिनं मुद्दाम तीच काच दोनदा लावली. "दुसरी जास्त स्वच्छ," बाई म्हणाली, खात्रीनं.

रविवारी स्टुडिओवाला एकेक करून दोन्ही डबे वर घेऊन आला. धापा टाकत होता. "वहिनी, चहा नंतर. आधी हे." तोंडानं काहीतरी विनोद करत त्यानं डबे शेजारी शेजारी मांडले, इथून दुरुस्त होऊन गेलेला डावीकडे, एक वायर इकडून तिकडे जाणारी लावली, गिटार गळ्यात अडकवली. दोन्हींची तोंडं सारखी, तपकिरी कापड, पितळी अक्षरं झिजून गेलेली. नवरा कामाच्या टेबलाला टेकून उभा होता, हात बांधून, चेहऱ्यावर ऐकणाऱ्या माणसाचा भाव. हा भाव त्यानं इतक्या वर्षांत कमावला होता. आता तो नुसता चेहऱ्यावर चढवलेला होता. ती त्याच्या समोर स्टुलावर बसली. व्हॉल्व्ह तापू दिले. मग स्टुडिओवाल्यानं वाजवलं. आधी डावीकडच्यावर, मग उजवीकडच्यावर. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. नवऱ्याची नजर तिच्या चष्म्यावर होती. तिच्या हातावर होती. तिनं चष्मा काढला तर तो म्हणेल, पहिला बरा. ओढणी सारखी केली तर म्हणेल, दुसरा. आणि स्टुडिओवाला डॉक्टरांचा शब्द म्हणून मान्य करून दोन्ही डबे खाली उतरवून नेईल. काही बिघडणार नव्हतं. तिचे हात मांडीवर पडले होते, कुणाचे तरी ठेवायला दिल्यासारखे. तिला त्याच्या चेहऱ्यावर ती आशा दिसली, दारात उभं राहून विचारणारी, आणि तिला इतकंच वाटलं की हे आता पुरे.

"मला फरक कळत नाही," ती म्हणाली.

स्टुडिओवाल्याचा हात तारांवर थांबला. नवऱ्यानं भुवया उंचावल्या. त्याला ऐकू गेलं नव्हतं. "काय?"

"मला फरक कळत नाही."

"जरा मोठ्यानं." तो पुढे झुकला, केस मागे सारले, कानामागचं यंत्र उघडं पडलं, आणि ते पडलं हे त्याच्या लक्षातही आलं नाही. असल्या गोष्टी माणूस हळू आवाजात सांगतो, पाठ वळवून, दिवा मालवून. तिला ती सोय नव्हती. तिला त्याच्या तोंडासमोर तोंड धरून, ओठ नीट उघडून, ओरडावं लागलं. "मला कधीच फरक कळला नाही! कधीच! एकाही डब्यातला!"

खालच्या रस्त्यावर कुणीतरी वर पाहिलं असेल. स्टुडिओवाला जमिनीकडे बघत उभा राहिला. गळ्यात गिटार आणि गिटारला वायर अडकलेला माणूस चटकन बाहेर निघून जाऊ शकत नाही. नवरा तिच्या ओठांकडे बघत होता, आणखी काही येतंय का, म्हणून. मग त्यानं मित्राकडे वळून विचारलं, "तू ऐकलंस? काय म्हणाली ती?" मित्रानं नुसती मान हलवली. हो, तेच.

"किती वर्षं?" नवऱ्यानं विचारलं.

"सत्तावीस."

"मग बरोबर कसं यायचं? दर वेळी?"

"तुम्ही ज्यावर जास्त वेळ रेंगाळायचात, तो मी सांगायचे."

हे त्याला पहिल्याच वेळी कळलं. टेबलावरचा एक स्क्रू त्यानं उचलला, दुसऱ्या डबीत टाकला. "आणि आता?"

"आता तुम्ही रेंगाळत नाही. चार वेळा इकडे, चार वेळा तिकडे. मोजून."

तो बसला. बसताना खुर्ची मागे सरकली, मोठ्यानं करकरली, आणि तो आवाज फक्त दोघांनी ऐकला. मग तो मित्राला म्हणाला, सरळ, हवापाण्याचं बोलावं तसं, "मला ऐकू येत नाही. चौदा महिने झाले. तुझा डबा मी न ऐकता दिला."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलाय," स्टुडिओवाला म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "दोनदा रस्त्यात हाक मारली. वळला नाहीत. मी घरी जाऊन बायकोला विचारत बसलो, माझं काय चुकलं?" यातलं नवऱ्याला काही कळलं नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं ओठ उघडून पुन्हा सांगितलं. तो कसंनुसं हसला आणि लगेच थांबला.

इथे सगळं संपेल असं तिला वाटलं होतं. काय संपेल ते नेमकं माहीत नव्हतं. मित्र डबे उचलेल, खोली रिकामी होईल, ती ओट्यापाशी जाईल. पण नवरा उठला, त्यानं दुसरं एक स्टूल ओढून दोन्ही डब्यांच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि तिला म्हणाला, "इथे बस."

"अहो, मी सांगितलं ना—"

"बरा कुठला, वाईट कुठला, ते सोड. मी तुला तेच विचारत आलो, तीच चूक. काय ऐकू येतं तेवढं सांग. माझे शब्द नकोत. ओला नको, दाणेदार नको. तुझे सांग." आणि मित्राला, "हळू वाजव. एक सूर. दोन्हीकडे."

एक सूर. दोन्हीकडे. "सारखेच," ती म्हणाली.

"ठीक. आता जरा जोरात." तो कागद-पेन्सिल घेऊन तिच्या समोर बसला होता, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ. "आता?"

"सारखेच."

"आता सगळ्या तारा एकदम. जोरात. खणखणीत मार. आता?"

तिला काही ऐकू आलं, पण ते काय, ते पकडता आलं नाही. "पुन्हा," ती म्हणाली. स्टुडिओवाल्यानं पुन्हा मारलं. "पुन्हा." खिडकीची काच थरथरली. तिनं डोळे मिटले. तिच्या खुर्चीत बसणारी माणसं काय करत असतील ते तिला पहिल्यांदा कळत होतं. बरोबर उत्तर नावाचं काही समोर नाही, नुसतं समोर आहे ते आहे, आणि ते सांगायला तोंडात शब्द नाही. "हा... लगेच येतो," ती म्हणाली.

"कुठला हा?"

"डावीकडचा. तुम्ही केलेला."

"लगेच म्हणजे? सुरुवातीला, की सुटताना?"

"सुरुवातीला. सुटताना सारखेच. मारल्याबरोबर हा ताडकन उभा राहतो. तो दुसरा आधी..." ती थांबली. पेन्सिलही थांबली. "तो आधी टेकतो. मग उठतो."

"टेकतो?"

"म्हणजे वयस्क माणूस जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात टेकतो ना, तसा. क्षणभर दबतो. मग फुगून वर येतो. याच्यात ते दबणंच नाही."

नवऱ्यानं पेन्सिल खाली ठेवली. तो तिच्या ओठांकडे बघत नव्हता आता, नुसता तिच्याकडे बघत होता. "हळू वाजवल्यावर असं नव्हतं?"

"नव्हतं. फक्त जोरात."

"टेकतो," तो स्वतःशी म्हणाला. मग उठून त्यानं डावीकडच्या डब्याची वायर काढली, तो पालथा केला, मागचे चार स्क्रू सोडवले आणि आत बोट दाखवलं. व्हॉल्व्हच्या ओळीत कडेला एका जागी काचेचा व्हॉल्व्ह नव्हता, बंद पत्र्याची एक बुटकी डबी होती. भिंतीतून येणारी वीज डब्याच्या पचनी पडेल अशी करून देणारा व्हॉल्व्ह त्या जागी असतो, त्यानं दोघांना समजावलं. मूळचा मेला होता, आणि त्याच्याजवळ दोन पर्याय होते. पहिला जुनाच, कुठल्याशा मोडक्या डब्यातून काढलेला. दुसरा म्हणजे ही नवी पत्र्याची डबी, जी तापत नाही, थकत नाही, कितीही मागितलं तरी लगेच देते. "जुना मात्र एकदम जास्त मागितलं की दमतो. क्षणभर कमी देतो. ते दमणंच हवं असतं." त्यानं खण उघडला. जुना व्हॉल्व्ह चिंधीत गुंडाळून ठेवलेला होता. पत्र्याची डबी उपसून त्यानं तो बसवला, डबा उभा केला, चालू केला. हळूहळू नारिंगी उजेड चढला. मित्रानं सगळ्या तारा एकदम मारल्या.

नवऱ्यानं तिच्याकडे वळून विचारलं, "टेकतो का?"

"टेकतो," ती म्हणाली.

स्टुडिओवाला वाजवतच राहिला, हरवलेलं माणूस गर्दीत सापडल्यासारखा, तोंड उघडं ठेवून. तिला आनंद झाला नाही. झाला असता तर तिला कळलं असतं. फक्त ते दबणं तिला आता प्रत्येक आघातात ऐकू येत होतं, नको असलं तरी, आणि फरक कळत नाही असं म्हणणं उद्यापासून आपल्याला जमणार नाही, एवढं लक्षात आलं.

मित्र गेल्यावर दोघं जेवली. ताटं उचलताना तो म्हणाला, "लग्नाच्या वर्षी. तो पहिला डबा. तू कांदा चिरत होतीस. तेव्हाही?"

"तेव्हाही."

"मी लोकांना सांगत फिरलो, तुला कान आहे."

"हो."

"तू फिरू दिलंस."

"हो," ती म्हणाली. त्यानं यंत्र कानामागून काढलं, टेबलावर ठेवलं आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. यंत्र काढल्यावर त्याच्याशी बोलायचा काही मार्ग नसे. त्या दिवशी तो बोलला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. ती दुकानात गेली, माणसांच्या नाकांवर जड फ्रेम चढवली, काचा बदलल्या. 'पहिली की दुसरी'ऐवजी एकदा तिच्या तोंडून निघून गेलं, "काय दिसतं तेवढं सांगा." समोरचा माणूस गोंधळला. "म्हणजे काय सांगू?" त्यानं विचारलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तो जेवणाच्या टेबलापाशी बसला होता. यंत्र कानामागे होतं. समोर त्याची वही उघडी. कुणाचा डबा, कधी आला, आत काय केलं, हे तो त्या वहीत लिहून ठेवी. चौदा महिन्यांची पानं त्यानं चाळली होती आणि काही नावांखाली पेन्सिलनं रेघ मारली होती. "ज्यांच्या वेळी तुला विचारलं, ते हे," तो म्हणाला. "अकरा. फोन लाव. डबे परत आणा म्हणावं."

"सगळे?"

"सगळे. आणि का ते सांग."

तिनं पर्स खांद्यावरून काढली, पाणी प्यायली आणि समोरची खुर्ची ओढून बसली. तो तिचे ओठ दिसतील असा टेबलाच्या त्या बाजूला. पहिल्या फोनवर तिला वाक्य जुळवावं लागलं, तिसऱ्यापर्यंत ते पाठ झालं. "डॉक्टरांच्या घरून बोलतेय. तुमचा डबा एकदा परत आणाल का? तपासताना चूक झाली होती. नाही, त्यांची नाही, माझी. त्यांना ऐकू येत नाही हल्ली, आणि मी नीट ऐकलं नाही." कुणी हळहळलं. कुणी घाईघाईनं बरं म्हणून फोन ठेवला. एकजण म्हणाला, आमचा तर मस्त वाजतोय, राहू द्या की. तिनं हातानं फोन झाकून नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, तरी आणा म्हणावं. प्रत्येक फोननंतर तो त्या नावापुढे एक टिंब देत होता. तिचा आवाज एकसारखा होता, दुकानात नंबर वाचून दाखवावा तसा. सातवा फोन एका म्हाताऱ्या वादकाला होता, हॉटेलांत वाजवण्यात हयात गेलेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मग आता ऐकणार कोण?" त्यानं विचारलं.

तिकडून एकदा हॅलो आलं, मग आणखी एकदा. तिनं वहीतल्या रेघ मारलेल्या नावांकडे पाहिलं.

"मी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाला?" नवऱ्यानं विचारलं. त्यानं तिचा एकच शब्द ओठांवर पाहिला होता.

"विचारत होते, आता ऐकणार कोण."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी म्हटलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. ओठांकडे नाही. व्हॉल्व्ह हातात घेऊन, फेकायचा की ठेवायचा हे ठरण्याआधी, तो उजेडाकडे धरून असाच बघत बसायचा. मग त्यानं त्या नावापुढे टिंब दिलं आणि वही तिच्याकडे सरकवली.

"पुढचा नंबर लाव," तो म्हणाला.